झोपाळ्यावरचे पत्ते

मी नोकरीतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी मे महिन्यात बडोद्याला निघाले की शेजारणीला सांगते, "सुट्टीला चाललेय." ती हसते. हसेना का. नाशिकला मी वर्षभर रिकामीच असते हे खरं, पण रिकामं असणं वेगळं आणि सुट्टी वेगळी. सुट्टी बडोद्याला असते, दादाच्या घरी, आणि तिच्यात दुपारी पत्ते खेळावे लागतात.

आम्ही तीन भावंडं. दादा थोरला, मग मधला, मग मी. मधल्याला सगळे मधलाच म्हणायचे, अगदी त्याच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा. लहानपणी आम्ही बडोद्यातच, नागरवाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. वडील शाळामास्तर. दुपारी ते आडवे झाले की घरात चमचा पडलेला खपायचा नाही, आणि बाहेर उन्हात सोडायला आई तयार नसायची. मग उरायचे ते पत्ते, आणि तिघांत खेळायचा म्हणजे पाच-तीन-दोन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येकाला दहा पत्ते मिळतात. हुकूम बोलणाऱ्यानं पाच हात करायचे, दुसऱ्यानं तीन, वाटणाऱ्यानं दोन. ज्याचे हात कमी पडतील त्याचे तेवढे पत्ते पुढच्या डावात जास्त हात झालेल्यानं न बघता ओढायचे आणि बदल्यात आपल्याकडचा गाळ त्याच्या गळ्यात मारायचा. म्हणजे एकदा हरायला लागलेला माणूस आणखी हरत जातो. आमचा मधला जन्मभर हरत गेला.

दादाचा खेळ थंड डोक्याचा. पुढे तो बँकेत लागला तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. हुकमाचे पत्ते तो लहानपणापासून तिजोरीत ठेवल्यासारखे जपून ठेवायचा. मी भांडून खेळायचे. आणि मधला कसा खेळायचा हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कोणता पत्ता पडून गेलाय, कोणता बाकी आहे, हे त्याच्या कधी ध्यानातच राहिलं नाही. गप्पा मारत खेळायचा, हातातले पत्ते समोरच्याला दिसतायत याचं भान नसायचं, आणि हरला की मान मागे टाकून असा हसायचा की आम्हालाच जिंकल्याची लाज वाटावी.

पुढे दादानं बडोद्यातच समा भागात एका सोसायटीत फ्लॅट घेतला, बाहेरच्या खोलीत झोपाळा टांगला, आणि मधल्यानं त्या झोपाळ्यावर कब्जा केला. दर मे महिन्यात तो अहमदाबादेहून यायचा, मी नाशिकहून. आल्या आल्या तो हातातली पिशवीही खाली न ठेवता झोपाळ्यावर बसायचा. मी आणि दादा सतरंजीवर, हा वर. चांगले पत्ते आले की त्याचा पाय आपोआप जमिनीला रेटा द्यायचा आणि झोपाळ्याच्या कड्या करकरायला लागायच्या. एक्का आला तर विचारूच नका. दादा माझ्याकडे बघायचा, मी दादाकडे, आणि आम्ही मुकाट्यानं त्याचा एक्का कापायच्या तयारीला लागायचो. आपला झोपाळा चहाडी करतो हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचं ते हसणं ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून विचारायची, "हरलात वाटतं भावजी?"

तीन वर्षांपूर्वी थंडीत मधला गेला. आजारपण नाही, काही नाही. सकाळी उठलाच नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी बडोद्याला गेले खरी, पण दुपारी रस-पोळी खाऊन झाल्यावर आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. कूलर चालू होता. दादानं ड्रॉवर उघडला, पत्ते काढले, पिसले आणि वाटले. तीन ठिकाणी वाटले. तिसरे दहा पत्ते त्यानं झोपाळ्यावर उपडे ठेवले. मधल्याची पाळी आली की एकदा दादा उठून झोपाळ्यावरचा एक पत्ता टाकायचा, एकदा मी. आणि त्या दुपारी मधला जिंकला. आम्ही ठरवलं नव्हतं. दादानं हातातला एक्का दाबून ठेवला, मी हुकूम असून मारला नाही, आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तोच जिंकला. पुढे त्या सुट्टीत तोच जिंकत राहिला, आणि त्याच्या पुढच्या दोन सुट्ट्यांतही.

यंदा मी पोहोचले तेव्हा वहिनीनं मला चहा पुढे करायच्या आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला वन्सं म्हणते; तिच्या माहेरच्या वळणाची ती सवय गेली नाही.

"वन्सं, एक मागते, नाही म्हणू नका. यंदा पत्ते नकोत."

"का हो?"

"तुम्ही दोघं मे महिन्यात खेळता तोवर मी काही म्हटलं नाही. पण आता हे एकटेच खेळतात. पावसाळ्यातही खेळले, दिवाळीतही. तिघांचे पत्ते वाटतात, तिन्ही हात स्वतःच टाकतात, आणि भावजींना जिंकवतात. सकाळी बागेत फिरायला जायचे ते बंद केलं. बागेतले मित्र दोनदा येऊन गेले, यांनी दार उघडलं नाही. महिनोन् महिने जिना उतरलेले नाहीत. परवा मुलाचा कॅनडाहून फोन आला, तर त्याला सांगतात, आम्ही तिघं खेळतोय, नंतर कर." तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच गॅस बारीक केला. "माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

मला राग आला. वहिनीचा नाही, आणि नेमका कोणाचा ते आजही सांगता येणार नाही. वर्षभर ज्याची वाट बघावी अशी माझ्या आयुष्यात ती एक दुपार उरली होती, आणि तीच बंद करायला मला सांगितलं जात होतं. पण वहिनीचं बरोबर होतं. दादा खूप वाळला होता. सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता, आणि मला बघून त्याला आनंद झाला तो एवढ्यासाठी की आता तिसऱ्याच्या पाळ्या वाटून घ्यायला कोणीतरी आलं. दुपारी त्यानं पत्ते काढले. मी वहिनीकडे बघितलं नाही आणि सतरंजीवर जाऊन बसले.

असे तीन-चार दिवस गेले. वहिनी माझ्याशी लागेल तेवढंच बोलत होती.

मग एका दुपारी बेल वाजली. दार नुसतं लोटलेलं होतं, त्यामुळे उघडायची वाट न बघता एक मुलगी आतच आली. असेल दहा-अकरा वर्षांची. डोक्याला चोपडून तेल, टी-शर्टावर चमकीचं फुलपाखरू, हातात स्टीलचं पातेलं.

"मासीए बरफ मंगाव्यो छे," ती म्हणाली. मावशीनं बर्फ मागवलाय.

वरच्या मजल्यावरच्या बाईंची ती भाची. डभोईहून वेकेशनला आली होती आणि मासीचा फ्रिज बंद पडला होता. वहिनी बर्फ काढायला आत गेली. मुलगी आमच्या डावाकडे बघत उभी राहिली. सतरंजीवर मी, समोर दादा, आणि झोपाळ्यावर उपडे पत्ते.

"आ कोनां पत्तां छे?" तिनं झोपाळ्याकडे बोट करून विचारलं.

"आमच्या भावाचे," मी गुजरातीत सांगितलं. पुढचं सगळं बोलणं गुजरातीतच झालं. दादा आणि मी बाहेरच्यांशी त्याच भाषेत वाढलो. इथे मी ते आपल्या मराठीत लिहितेय.

"कुठे गेलेत?"

दादा पत्त्यांवरची नजर न हलवता म्हणाला, "आवशे." येईल.

आतून बर्फाचा ट्रे आपटल्याचा आवाज थांबला. वहिनीनं ऐकलं होतं.

"मग ते येईपर्यंत मी खेळू?" असं विचारून, आणि उत्तराची वाट न बघता, त्या मुलीनं पातेलं जमिनीवर ठेवलं, झोपाळ्यावरचे पत्ते उचलले आणि त्यांच्या जागी स्वतः बसली. तीन वर्षांत त्या झोपाळ्यावर कोणी बसलं नव्हतं. कड्या करकरल्या. मी दादाकडे बघितलं. त्याचा हात अर्धा वर झाला होता, तिला उठवायला की काय कोण जाणे, आणि तसाच थांबला. मग तो खाली आला.

"एक डाव," दादा म्हणाला.

वहिनी बर्फ घेऊन दारात आली ती तिथेच उभी राहिली. बर्फाचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

त्या दिवशी एकाचे तीन डाव झाले. बर्फाचं पाणी झालं, वहिनीनं दुसरा काढून दिला. पोरगी जिंकली. अर्थातच जिंकली, झोपाळ्यावरच्या पत्त्यांना हरवायची आमची सवयच मोडली होती. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकायच्या आत ती हजर. दादाला ती दादा म्हणायला लागली, कारण गुजरातीत आजोबांना दादा म्हणतात. मला फोईबा, म्हणजे आत्याबाई, आणि वहिनीला बा, म्हणजे आजी. वहिनी "मी काही एवढी म्हातारी नाही" म्हणाली, पण तिनं लीलो, म्हणजे बटाट्याचा ओला चेवडा भरलेली वाटी पोरीच्या हातात दिली.

तिच्या बापाचं डभोईला छोटंसं दुकान. दोरखंडं, बादल्या, पिकावर मारायचे फवारे असलं काहीबाही. दुपारी उन्हाचं गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा तिचे आजोबा, बाप आणि ती पोत्यावर बसून पत्ते खेळतात. तिकडे ते याच खेळाला बे-त्रण-पांच म्हणतात. ती झोपाळ्यावर मांडी घालून बसायची, दुकानातल्यासारखी, आणि तिच्या हातात एक्का असो की अठ्ठी, झोपाळा तसूभर हलायचा नाही. मला तिचं फार कौतुक वाटायला लागलं. पत्ते घट्ट धरणं, पडलेला प्रत्येक पत्ता डोळ्यांनी टिपणं, आणि चेहरा असा की समोर बसलेल्याला काही म्हणजे काही कळू नये.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती पहिलाच डाव जिंकली, आणि जिंकल्याबरोबर तिनं पत्ते सतरंजीवर ठेवले.

"तुम्ही मला जिंकवता."

"छे गं," मी म्हणाले.

"फोईबा, तुमच्याकडे हुकमाचा राजा होता. मी हुकमाची राणी टाकली, तर तुम्ही अठ्ठी टाकलीत. नंतर शेवटच्या हाताला तो राजा निघाला. कालही दादांनी एक्का दाबला होता. परवाही. मी रोज बघते." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलत नव्हता. "ही अंचई आहे."

अंचई म्हणजे रडीचा डाव. आयुष्यात मला पुष्कळ लोक पुष्कळ काय काय म्हणाले, पण जिंकवल्याबद्दल लबाड ठरवणारी ही पहिलीच.

"अगं, तू लहान आहेस म्हणून," दादा चाचरत म्हणाला.

"दुकानात मी याहून लहान होते तेव्हापासून खेळते. तिथे कोणी कोणाला जिंकवत नाही. मग जिंकल्यावर काय मजा?" ती झोपाळ्यावरून उतरली, चपला पायांत सरकवल्या, आणि "आवजो" असं नीट म्हणून निघून गेली. एवढ्या रागातही निरोप घ्यायला विसरली नाही ती पोर.

आम्ही दोघं म्हातारे सतरंजीवर बसून राहिलो, वर्गाबाहेर काढल्यासारखे.

"तूच राजा दाबलास," दादा माझ्यावर खेकसला. "तिला कळणारच."

"आणि तू एक्का दाबतोस तो?"

"मी दाबतो ते..." तो थांबला.

"बोल ना. तिच्यासाठी दाबत नाहीस. मीही तिच्यासाठी दाबला नाही."

दादानं झोपाळ्याकडे बघितलं. "खरं खेळायला लागलो तर तो हरेल," तो म्हणाला. इतक्या हळू, की कूलरच्या आवाजात मला ते ओठांवरून वाचावं लागलं.

मग मात्र माझा तोल गेला. तीन वर्षं मी गप्प बसले होते, त्याचं सगळं एकदम बाहेर आलं.

"हरेलच! दादा, तो कधी जिंकला होता? एका तरी सुट्टीत? त्याला आठवायचं का कोणता पत्ता पडलाय? झोपाळा हलवून हलवून एक्का दाखवायचा आपल्याला. हरायचा आणि हसायचा, तो आपला भाऊ. हा जो तीन वर्षं न चुकता जिंकतोय ना, हा कोण आहे मला माहीत नाही. मी याला ओळखत नाही."

दादानं तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं. आता हा उद्यापासून माझ्याशीही खेळणार नाही, आणि वहिनीनं मागितलं तसंच होईल, फक्त सगळ्यात वाईट रीतीनं. मी उठून आत गेले. वहिनी ओट्याला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात बाहेरून चपलांचा आवाज आला. मग दाराची कडी. आम्ही दोघी धावत बाहेरच्या खोलीत आलो, तर खोली रिकामी. जिन्यावर दादा. एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर, एकेक पायरी चढत होता. वहिनी त्याच्यामागे जायला निघाली, मी तिला धरून ठेवलं. वरचं दार वाजलं. मासीचा आश्चर्याचा आवाज आला, "अरे, आवो आवो, दादा तमे?" बऱ्याच वेळानं दोघं खाली येताना दिसले, पुढे ती, मागे तो, आणि प्रत्येक पायरीला ती वळून बघत होती की म्हातारा पडत तर नाही ना.

"सम खाओ," तिनं सतरंजीपाशी उभं राहून आम्हाला फर्मावलं. शपथ घ्या. दोघांनी. खरं खेळणार, कोणालाही जिंकवणार नाही.

आम्ही गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. दादानंसुद्धा, बँकेचा निवृत्त मॅनेजर.

त्या दुपारी दादानं तिला धू धू धुतलं. हुकमाचे पत्ते साठवून साठवून शेवटी असे एकामागून एक टाकले की मला नागरवाड्यातला तो चड्डीतला दादा आठवला. ती मधल्यासारखी हसली नाही. रागानं लाल झाली, पत्ते गोळा करून दादापुढे आपटले आणि म्हणाली, "फरीथी वहेंचो." पुन्हा वाटा. मला ते फार आवडलं. कोणासारखीच नव्हती ती. कूलरचा वारा तिच्या पत्त्यांवर येत होता, तर दुसऱ्या दिवशी तिनं सरळ झोपाळा सोडला आणि सतरंजीवर आमच्यात येऊन बसली. दादा क्षणभर रिकाम्या झोपाळ्याकडे बघत राहिला, मग तिला जागा द्यायला थोडा सरकला.

एकदा पत्ते पिसता पिसता तिनं विचारलं, "दादा, तुमचे ते भाऊ अजून आले नाहीत?"

मी काही सांगणार, तेवढ्यात दादाच बोलला.

"तो नाही यायचा. गेला तो. तीन वर्षं झाली."

तीन वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. तिनं चौकट धरली.

पोरीनं पिसणं थांबवलं. आता ही घाबरेल किंवा माफी मागेल, असं मला वाटलं. पण ती पत्ते खेळणाऱ्या घरातली होती. तिनं थोडा विचार केला आणि तिला जे खरंच जाणून घ्यायचं होतं ते विचारलं.

"कसे खेळायचे?"

दादानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"भिकार," तो म्हणाला. "एकदम भिकार. कच्चा लिंबू होता आमचा." आणि तो हसायला लागला. मान मागे टाकून, अंग हलवून हसायला लागला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी थांबेना. मी हसायला लागले. वहिनी तोंडाला पदर लावून दारातच खाली बसली. पोरगी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. ही माणसं नक्की हसतायत की रडतायत हे तिला कळेना. आम्हालाही कळत नव्हतं.

त्यानंतर दुपार कशी भरगच्च झाली. वरची मासीही कधीमधी येऊन बसायची. मधल्याच्या गोष्टी निघायच्या. झोपाळ्याच्या चहाडीची गोष्ट पोरीला इतकी आवडली की ती मुद्दाम वाईट पत्ते आले की झोपाळ्यावर जाऊन जोरजोरात झोके घ्यायची, आणि दादा दोनदा त्याला फसला. दादाला फसवणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. मी तिला तसं सांगितलंही. तिनं मान हलवली, जणू हे तिला आधीच माहीत होतं.

तिला न्यायला बाप आला तो नेमका ऐन रंगात. त्याला डभोईची बस गाठायची होती; दुकान आजोबांवर टाकून आला होता. तो डाव कसाबसा संपवला. दादाचे दोन हात कमी पडले, तिचे दोन जास्त झाले.

"तुमचे दोन पत्ते ओढायचे बाकी राहिले," ती पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाली.

"पुढच्या वेकेशनला ओढ."

"तोपर्यंत तुम्ही विसराल."

"मी? मी विसरत नाही."

तिनं दादाकडे जरा संशयानं बघितलं. "आमचं दुकान डेपोजवळच आहे," ती म्हणाली, आणि आमच्या तिघांच्या पाया पडून बापाच्या मागे जिना उतरून गेली.

पुढच्या आठवड्यात मीही नाशिकला परत आले. निघताना दादा झोपाळ्यावर बसला होता. हो, स्वतः. पण खाली रिक्षापर्यंत आला नाही. जिना चढणं वेगळं आणि घराबाहेर पडणं वेगळं, अशी मी मनाची समजूत घातली. गाडीत मात्र वहिनीचं बोलणं डोक्यात घोळत होतं. ती मुलगी गेली, मीही निघाले. आता दुपारी ड्रॉवर उघडून हा किती जणांना पत्ते वाटेल, असं सारखं वाटत राहिलं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एका दुपारी मी फोन लावला. वहिनीनं उचलला.

"दादाला द्या ना."

"नाहीत घरात."

"नाहीत म्हणजे?"

"डभोईला गेलेत," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कसातरीच येत होता. "सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. म्हटलं, कुठे? तर म्हणाले, त्या पोरीनं दोन पत्ते ओढायचे राहिलेत, आता तिची शाळा सुरू होईल. मी म्हटलं सोबत येते, तर म्हणाले, चौघांत कसं खेळणार? तिकडे ती आणि तिचे आजोबा आहेत, मी तिसरा. एकटेच बसनं गेले, वन्सं. मी खिडकीतून बघत होते. रिक्षालासुद्धा थांबले नाहीत, चालत गेले कोपऱ्यापर्यंत."

संध्याकाळी दादाचाच फोन आला. मागे बसचा हॉर्न वाजत होता आणि कंडक्टर कोणावर तरी ओरडत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"हरलो," दादा म्हणाला. "सपाटून हरलो गं." आणि मग फोनमधून जे हसणं ऐकू आलं, ते मी माझ्या मधल्या भावाचं म्हणून ओळखलं असतं.